जलविहाराची आखणी



बिदर आणि कलबुर्गी हे दोन्ही जिल्हे पठारावरचे. समुद्र येथून शेकडो मैल दूर. तेव्हा यांत्रिक होड्या बाळगणाऱ्या मंडळींनी एक दिवसाचा सामुदायिक जलविहार कसा आखावा, हा विषय सीमाभागातील श्रोत्यांसमोर मांडणे काहींना विचित्र वाटण्याचा संभव आहे. परंतु आपला प्रदेश पाण्याला अगदीच पारखा नाही. भालकी तालुक्यात ब्याळहळ्ळीजवळ कारंजा नदीला बांध घालून केलेला जलाशय आहे. कारंजा पुढे मांजरेला मिळते. कलबुर्गी जिल्ह्यातून भीमा वाहते; गाणगापूरला ती अमरजेला भेटते, आणि अफझलपूर तालुक्यात सोन्नच्या बंधाऱ्यापाशी तिचे पाणी अडविलेले आहे. शिवाय उजनीच्या जलाशयावर रोहित पक्षी पाहावयास, कोयनेच्या शिवसागरावर तापोळ्यास, किंवा मुंबईहून मांडव्यास जाण्याचा प्रसंग आपल्यापैकी पुष्कळांवर येतो. स्वतःची होडी असणारे थोडे. पण होडीत बसणारे सारेच. म्हणून आखणी करणाऱ्याने काय करावे हे जितके सांगावयाचे, तितकेच बसणाऱ्याने काय विचारावे हेही आज सांगावयाचे आहे.

भीमेच्या आणि कृष्णेच्या काठी पूर्वी वाळलेल्या भोपळ्यांची सांगड बांधून माणसे नदी उतरत. सांगड म्हणजे एकत्र बांधलेले तरते साधन; दोन होड्या शेजारी शेजारी जखडल्या तर तीही सांगडच. ‘सांगड घालणे’ हा आपला वाक्प्रचार याच शब्दावरून आला. सामुदायिक जलविहाराचे सारे मर्म या एका शब्दात आहे. पाच-सहा होड्या निघाल्या म्हणजे त्या दोराने बांधलेल्या नसतात हे खरे, पण त्यांचा दिवस मात्र एकमेकींशी बांधलेला असतो. सर्वांत मंद होडीचा वेग हाच सर्वांचा वेग, सर्वांत लहान टाकीचा पल्ला हाच सर्वांचा पल्ला, आणि सर्वांत दुबळ्या प्रवाशाची सहनशक्ती हीच सर्वांची सहनशक्ती. हे तत्त्व ज्याला मान्य नसेल त्याने एकट्याने जावे. समूहात येऊ नये.

आखणीचा आरंभ पाण्यापासून नव्हे, परवानगीपासून होतो. बहुतेक मोठे जलाशय पाटबंधाऱ्यासाठी आणि पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले आहेत; ते विहारासाठी मोकळे आहेत असे गृहीत धरू नये. ज्या खात्याच्या ताब्यात जलाशय असेल त्याची लेखी अनुमती घ्यावी, आणि बांधाच्या भिंतीपासून, दरवाज्यांपासून व पाणी उपसण्याच्या विहिरीपासून किती दूर राहावयाचे ते त्याच वेळी विचारून घ्यावे. १९१७ सालचा जुना कायदा जाऊन अंतर्देशीय जलयानांसाठी २०२१ साली नवा कायदा झाला. यंत्राने चालणाऱ्या जलयानाची तपासणी, नोंदणी आणि विमा या गोष्टी त्यात आहेत. समूहातील प्रत्येक मालकाने आपली कागदपत्रे निघण्यापूर्वी दाखविली पाहिजेत. मैत्रीत कागद कसले मागावयाचे, हा संकोच येथे उपयोगाचा नाही.

नदी आणि जलाशय यांतील भेदही ध्यानात घ्यावा. भीमेचे पाणी आपल्या गावी पाऊस नसतानाही वाढू शकते, कारण वर उजनीतून पाणी सुटले की ते पंढरपूर ओलांडून खाली गाणगापूरकडे येते. २०२० सालच्या ऑक्टोबरात भीमेच्या पुराने कलबुर्गी जिल्ह्यातील काठची गावे कशी वेढली गेली, हे अनेकांच्या स्मरणात असेल. म्हणून पावसाळ्याच्या दिवसांत वाहत्या नदीवर जलविहार ठेवूच नये. आणि इतर ऋतूंतही वरच्या धरणातून व बंधाऱ्यातून पाणी सोडावयाचे आहे काय याची चौकशी आदल्या दिवशी करावी.

जलाशयाची गोष्ट निराळी. तेथे धोका पाण्याच्या खाली असतो. जलाशय भरताना गावे, देवळे, विहिरी, झाडांचे बुंधे पाण्याखाली गेलेले असतात. उजनीचे पाणी उन्हाळ्यात ओसरले की इंदापूर तालुक्यातील पळसदेवचे जुने देऊळ पाण्याबाहेर दिसू लागते. जे देऊळ वैशाखात डोळ्यांना दिसते, तेच पाणी थोडे चढताच होडीच्या तळाखाली हातभर अंतरावर येऊन लपते. त्यामुळे मागच्या दिवाळीत ज्या वाटेने सुखरूप गेलो, ती वाट या होळीला सुरक्षित असेलच असे नाही. अशा वेळी नकाशापेक्षा तेथील कोळ्याचा शब्द मोलाचा. मार्ग ठरविण्यापूर्वी त्या पाण्यावर रोज जाळी टाकणाऱ्या माणसाला भेटावे, खडक कोठे, गाळ कोठे, जाळी कोणत्या बाजूस हे विचारावे, आणि शक्य झाल्यास त्यालाच मोबदला देऊन पहिल्या होडीत बसवावे.

आता ऋतू आणि वेळ. पठारावरील जलाशयाला काठाने डोंगरांचा आडोसा क्वचितच असतो. लाट किती उठेल हे तीन गोष्टींवर अवलंबून असते: वारा किती जोराचा, तो किती वेळ वाहिला, आणि उघड्या पाण्यावरून त्याला किती लांब धाव मिळाली. लांबट जलाशयाच्या दिशेनेच वारा सुटला तर थोड्या वेळात आखूड आणि उभ्या लाटा उसळतात. समुद्राची लांब लाट होडीला उचलून खाली ठेवते. ही आखूड लाट मात्र एकामागून एक थप्पड मारीत राहते, आणि बसक्या काठाच्या होडीत पाणी घेते. सकाळी पाणी आरशासारखे असते. ऊन चढले, जमीन तापली की वारा उठतो. चैत्र-वैशाखात दुपारनंतर वळवाचा ढग कोणत्या क्षणी अंगावर येईल याचा नेम नसतो.

याचे दुःखद उदाहरण आपल्याच भीमेवर घडले. २१ मे २०२४ रोजी सायंकाळी करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे निघालेली प्रवासी होडी उजनीच्या जलाशयात अचानक आलेल्या वादळी वाऱ्यात सापडून उलटली. सहा जण बुडाले. त्यांत लहान मुले होती. एक गृहस्थ पोहत काठाला लागले. ही मंडळी विहाराला निघाली नव्हती. या तीरावरून त्या तीरावर जाण्याची ती त्यांची नेहमीची वाट होती. परिचयाचे पाणीसुद्धा वळवाच्या वेळी अपरिचित होते, हा त्या घटनेतून घ्यावयाचा बोध आहे. विहाराला जाणाऱ्याला तर निघण्याची कोणतीच निकड नसते. म्हणून नियम असा करावा की कार्तिक ते फाल्गुन हा काळ निवडावयाचा, सूर्योदयानंतर लवकर निघावयाचे, आणि दुपारचा वारा उठण्यापूर्वी परत काठाला लागावयाचे.

वेळेचे गणित एका उदाहरणाने पाहू. समजा, सहा होड्या आहेत. त्यांतील एक ताशी ४५ किलोमीटर धावते, पण सर्वांत मंद होडी सुखाने २० किलोमीटरच जाते. जावयाचे ठिकाण २४ किलोमीटरांवर आहे. मंद होडीच्या वेगाने ७२ मिनिटे लागतील. वाटेत थांबणे, एकमेकांची वाट पाहणे धरून दीड तास धरावा. सकाळी सातला निघालो तर साडेआठला पोचू. अकरा वाजता परत फिरलो तर साडेबाराला धक्क्यावर. मध्ये अडीच तास विश्रांतीला, न्याहारीला आणि गप्पांना मिळाले. एका दिवसाच्या विहाराला एवढे पुष्कळ आहे. ज्याला पंचेचाळीसच्या वेगाची हौस असेल त्याने ती दुसऱ्या दिवशी एकट्याने भागवावी.

इंधनाचा हिशेब तिहाईचा करावा: एक वाटा जाण्यास, एक वाटा येण्यास, आणि एक वाटा राखीव. वरील वेगाने ज्या होडीचे इंजीन ताशी १५ लिटर पेट्रोल घेते, तिला दीड तासाच्या जाण्यास साडेबावीस, येण्यास साडेबावीस आणि राखीव साडेबावीस, असे एकूण साडेसदुसष्ट लिटर हवे. राखीव वाटा हा वाऱ्याविरुद्ध परत येण्यासाठी, वाट चुकल्यास फेरा घेण्यासाठी आणि बंद पडलेल्या सोबत्याला ओढून आणण्यासाठी असतो. तो इतर हौसेत खर्च करू नये. प्रत्येक होडीचा हा हिशेब निराळा मांडावा. ज्या होडीत राखीव वाटा मावत नाही, तिच्यासाठी साऱ्या समूहाने जवळचे ठिकाण निवडावे. शक्य तेथे जाण्याची वाट वाऱ्याच्या तोंडावर आणि परतीची वाट वाऱ्याच्या पाठीवर ठेवावी. थकलेल्या वेळी वारा सोबती असावा.

हे साडेसदुसष्ट लिटर पेट्रोल वजनाने सुमारे ५० किलो भरते, हेही विसरू नये. होडीवर किती माणसे आणि किती भार, हे लिहिलेले असते. सहा माणसांची होडी म्हणून सहा जण बसले, वर डबे, पाण्याचे कॅन, बर्फाची पेटी, सतरंज्या आणि ऐन वेळी आलेले एखादे पाहुणे चढले, की होडीचा काठ पाण्याला टेकू लागतो. ‘एवढ्याने काय होते’ हे वाक्य धक्क्यावर ज्या दिवशी ऐकू येईल, त्या दिवशी एकाला उतरवून दुसऱ्या होडीत बसवावे.

आदल्या सायंकाळी सर्व होड्यांच्या चालकांनी एकत्र बसणे अगत्याचे आहे. या बैठकीत चार गोष्टी ठराव्यात. पहिली, म्होरक्या कोण. पुढची होडी वाट जाणणाऱ्याची असावी, आणि तिच्यापुढे कोणीही जाऊ नये. दुसरी, शेवटची होडी कोणाची. ती सर्वांत अनुभवी माणसाची आणि ओढून आणण्याजोग्या दमदार इंजिनाची असावी. तिच्यामागे कोणीही राहू नये. मंद होड्या पुढच्या होडीच्या लगेच मागे ठेवाव्या, म्हणजे म्होरक्याला वेग आपोआप आवरता येतो. तिसरी, खुणा. दोन्ही हात बाजूंना पसरून सावकाश वर-खाली केले म्हणजे मदत हवी, अशासारख्या दोन-तीनच खुणा ठरवाव्या आणि प्रत्येकाने त्या करून दाखवाव्या.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि तीच बहुधा राहून जाते. परत कधी फिरावयाचे, हे काठावर ठरवावे. पाण्यावर गेल्यावर माणसाचा विवेक समूहाच्या उत्साहाने झाकला जातो. प्रत्येकाच्या मनात शंका असते. पण सर्वांचा विरस आपल्यामुळे नको, म्हणून कोणीच बोलत नाही. यासाठी आधीच लिहून ठेवावे: पाण्यावर पांढरा फेस दिसू लागला की फिरावयाचे, मेघगर्जना कानी आली की जवळच्या काठाला लागावयाचे, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पाण्यावर उतरावयाचे नाही, अकरा वाजले की, जेथे असू तेथून, फिरावयाचे. आणि कोणत्याही एका चालकाने ‘मला पुढे जावयाचे नाही’ असे म्हटले, तर कारण न विचारता सर्वांनी फिरावयाचे. या शेवटच्या नियमाने भित्र्याचे राज्य होईल अशी भीती काहींना वाटते. वस्तुतः असे होत नाही. नकाराला मान आहे हे ठाऊक असले, की माणसे खरे बोलतात, आणि खरे कळले की म्होरक्याचे काम सोपे होते.

साहित्यापैकी पहिला मान जीवरक्षक जाकिटाचा. ते होडीत असून भागत नाही, अंगावर असावे लागते. आणि मुलाला मुलाच्या मापाचे लागते. अमेरिकेचे तटरक्षक दल दरवर्षी विहाराच्या होड्यांच्या अपघातांचा अहवाल काढते. त्यात वर्षानुवर्षे एकच गोष्ट दिसते: मृत्यू पावलेल्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश बुडून मरतात, आणि त्या बुडालेल्यांपैकी दहांतील आठांहून अधिक जणांच्या अंगावर जाकीट नसते. उत्तम पोहणारालाही हे लागू आहे, कारण डोक्याला मार बसलेला पोहणारा पोहू शकत नाही.

दुसरे साधन म्हणजे इंजीन बंद करणारी दोरी. तिचे एक टोक चालकाच्या मनगटाला वा जाकिटाला, दुसरे इंजिनाच्या कळीला. चालक पाण्यात फेकला गेला की दोरी सुटते आणि इंजीन थांबते. नाहीतर मोकाट होडी गोल फिरून त्याच्याच अंगावर येते. अमेरिकेत लहान वेगवान होड्यांवर ही दोरी वापरणे १ एप्रिल २०२१ पासून कायद्याने आवश्यक झाले. आपण ती कायद्याची वाट न पाहता बांधावी. याखेरीज लांब दोरासह नांगर, ओढण्याचा दोर, वल्ही, पाणी उपसण्याची बादली, शिट्टी, विजेरी, आग विझविण्याचे नळकांडे, प्रथमोपचाराची पेटी आणि प्रत्येकी निदान दोन लिटर पिण्याचे पाणी हवे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती होडीच्या तळाशी साचून राहते. म्हणून इंधन भरताना इंजीन बंद ठेवावे, माणसे उतरवावी, विडी-काडी दूर ठेवावी, आणि तळातील हवा खेळती करून वास गेल्याची खात्री झाल्यावरच इंजीन सुरू करावे. मद्य होडीत चढू देऊ नये. चालकाच्या पोटात तर नाहीच नाही.

पाण्यावर होड्यांनी एकामागून एक, ऐसपैस अंतर ठेवून जावे. होडीला मोटारीसारखे ब्रेक नसतात, हे मोटार चालविणारे विसरतात. दोन होड्या समोरासमोर आल्या तर दोघींनी आपापल्या उजवीकडे वळावे; मागून पुढे जाणारीने पुढचीपासून दूर राहावे. शर्यत लावणे किंवा दुसऱ्या होडीजवळून चमकदार वळण घेणे हा खेळ नव्हे. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईच्या बंदरात घारापुरीकडे जाणाऱ्या ‘नीलकमल’ या प्रवासी नौकेवर नौदलाची वेगवान होडी येऊन आदळली आणि पंधरा जीव गेले. त्या होडीच्या इंजिनाची चाचणी चालू होती, आणि ती ताब्यात राहिली नाही. जेथे प्रशिक्षित हातांतून वेग सुटतो, तेथे हौशी हातांनी किती जपावे हे वेगळे सांगावयास नको. समुद्रावर विहार असेल तर वायरलेसचा सोळावा चॅनेल ऐकत राहावे, आणि तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक जवळ ठेवावा. जलाशयावर ११२ हा क्रमांक आहे. फोनला कोठपर्यंत आवाज पोचतो हे मात्र आधीच पाहून घ्यावे.

वाटेत कोळ्यांच्या होड्या, तराफे आणि जाळी भेटतील. तेथे वेग उतरवावा. आपल्या होडीमागे उठणारी लाट आपल्याला दिसत नाही, पण ती त्याचा तराफा उलटवू शकते, आणि पंख्यात अडकलेले जाळे म्हणजे त्याच्या महिन्याची भाकरी असते. पाणी त्याच्या पोटाचे आहे, आपल्या करमणुकीचे नंतर. पक्ष्यांच्या थव्यापासूनही दूर थांबावे. इंजीन बंद करून पाहिले तर ते अधिक वेळ दिसतात.

अडचण आलीच तर काय करावे? एखाद्याचे इंजीन बंद पडले तर त्याने नांगर टाकावा, सर्वांनी जाकिटे तपासावी. म्होरक्याने थांबावे, आणि शेवटच्या होडीनेच मदतीला जावे. सहाही होड्या एकाच ठिकाणी धावल्या तर एका संकटाची तीन होतात. ओढताना वेग अगदी मंद असावा, आणि ताणलेल्या दोराच्या रेषेत कोणी उभे राहू नये. माणूस पाण्यात पडला तर एकाने ओरडून सांगावे आणि नजर न हलविता हाताने त्याच्याकडे दाखवीत राहावे. दुसऱ्याने तरते काही फेकावे. उडी मारू नये. चालकाने वळसा घेऊन, वाऱ्याकडे तोंड करून सावकाश जवळ यावे, आणि हात पोचण्यापूर्वी इंजीन बंद करावे. वाऱ्यात सापडल्यास सर्वांनी खाली बसावे, होडीची नाळ लाटांकडे थोडी तिरपी ठेवावी, होडी लाटेला आडवी होऊ देऊ नये, आणि ज्या काठावरून वारा येत असेल त्या काठाचा आडोसा धरावा. तेथे पाणी शांत असते.

शेवटची गोष्ट काठावरील माणसाची. प्रत्येक जलविहारात एक जाणता माणूस घरी किंवा धक्क्यावर राहिला पाहिजे. त्याच्यापाशी होड्यांची यादी, प्रत्येक होडीतील माणसांची नावे, मार्ग आणि परतण्याची वेळ लिहिलेली असावी. साडेबाराला यावयाचे ते दीडपर्यंत आले नाहीत आणि फोन लागत नाही, तर त्याने आणखी वाट न पाहता मदत मागवावी. ‘येतील थोड्या वेळात’ असे म्हणत संध्याकाळ करू नये. आणि वेळ बदलली तर त्याला कळविण्याचे ओझे पाण्यावर असणाऱ्यांचे आहे.

होड्या धक्क्याला लागल्या म्हणजे विहार संपला असे नाही. निघताना मोजलेली माणसे परतल्यावर पुन्हा मोजावी, नावानिशी मोजावी. यादीतील शेवटच्या नावापुढे खूण झाली, काठावरच्या माणसाला निरोप पोचला, की मग डबे सोडावे आणि गप्पांना बसावे.